उंदरांची सुईण

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी दहा. जागा : अ‍ॅनिमल हाऊसच्या बाहेरचं माझं ऑफिस.

हजर : डॉ. किरण, अ‍ॅनिमल हाऊसचे सध्याचे प्रमुख. कुंदा, उंदरांचं खाणंपिणं आणि पिंजरे बघणारी. भरत, धुलाई आणि वाफेच्या मशीनवरचा. मी, स्टोअर आणि कार्यालय.

गैरहजर : सुईण.

विषय एकच होता. डिसेंबरअखेर आमची पैदास शाखा बंद होते आहे. प्रयोगांना लागणारे उंदीर यापुढे बाहेरून मागवायचे, असं वरून ठरलं आहे. देण्यासारखी तरुण जनावरं दुसऱ्या एका संस्थेनं नेली. म्हाताऱ्या जोड्या उरल्या. त्यांना कोणी घेत नाही, आणि नियमाप्रमाणे त्यांना बाहेर सोडता येत नाही. त्यांचं शेवटचं काम कोणी करायचं, हे ठरवायला बसलो होतो. इतकी वर्षं ते काम सुईण एकटेच करायचे, आणि दिवाळीच्या तोंडावर सुईण गेले.

सुईण म्हणजे बाई नव्हे. चांगला उंचापुरा, जाड मिशांचा, जनावरांचा डॉक्टर. आमच्याकडे येण्याआधी त्यांची सगळी नोकरी कशेळ्याच्या बाजूला गाईम्हशींत गेली होती. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू सरळ करणारा माणूस, म्हणून शेतकऱ्यांनी त्यांचं नाव सुईण ठेवलं. पुढे ते खालापूरकडच्या आमच्या कंपनीत आले, तरी नाव मागोमाग आलं. आम्ही तोंडावर ‘डॉक्टर’ म्हणायचो. पाठीमागे सुईण. त्यांना ते माहीत होतं.

कशेळ्याच्या बाजारात त्यांना गाठून चेष्टा करणारे पुष्कळ होते. एकदा मी बरोबर होते. एका भातवाल्या म्हाताऱ्यानं त्यांना हाताला धरून थांबवलं. म्हणाला, “काय वं डाक्टर, आमी हितं कणगीत उंदीर नको म्हून इख घालतो, आन् तुमी तिकडं त्यांची बाळंतपणं करता?”

“तुझे उंदीर वेगळे, बाबा. माझे लग्न लावून दिलेले आहेत.”

“मग अधिक महिन्यात जावयाला धोंडं बी करता का?”

“करतो की. तुला बोलावलं नव्हतं का?”

म्हातारा आणि भोवतीची चार माणसं हसली. डॉक्टर हसले नाहीत. विनोद करून स्वतः न हसण्याची त्यांची पद्धत होती. वांगी घेतली आणि निघाले.

ते आले तेव्हा आमच्याकडची परिस्थिती वाईट होती. स्नायू झिजत जाण्याचा एक आजार असतो. त्यावरच्या औषधाच्या अभ्यासासाठी उंदरांची एक जात आम्ही सांभाळत होतो. ती जात नाजूक. माद्या गाभण राहायच्या, पिल्लं व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात पिल्लं नसायची. आईनंच खाल्लेली असायची. कुंदा रोज सकाळी तोंड पाडून बाहेर यायची. वरून पत्र आलं होतं, की सुधारणा नसेल तर शाखा बंद करा. कुंदासकट आत काम करणाऱ्या सगळ्या बायकांच्या नोकऱ्या त्या पिल्लांवर होत्या. पळसदरीहून येणाऱ्या कुंदाचं तर घरच त्यावर चालायचं.

नव्या डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात काहीच केलं नाही. नुसते आत उभे राहिले. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचे, कारण त्याची टिकटिक. आम्हाला वाटलं, हा माणूस म्हशींचाच बरा होता.

मग ते माझ्या खिडकीशी आले. म्हणाले, “मॅडम, बाळंतिणीला बाळंतविडा दिला नाही तर चालतं का?”

मी म्हटलं, “कोण बाळंत झालं?”

“अजून कोणी नाही. तेच सांगतोय.”

त्यांना मऊ कागदाच्या लांब पट्ट्या हव्या होत्या. तोपर्यंत आम्ही पिंजऱ्यात नुसता लाकडाचा भुसा घालत होतो. भुशाचं घरटं होत नाही, तो नुसता पसरतो. पट्ट्या दिल्या की मादी त्या ओढते, दातांनी चिरते, गोल विणून वर छप्पर करते. मी मागणीपत्रावर ‘कागदी पट्ट्या’ लिहिलं. ते म्हणायचे बाळंतविडाच. पुढे भरतही तेच म्हणायला लागला : “मॅडम, बाळंतविडा संपत आलाय.” खरेदी विभागाकडून मला एकदा फोन आला होता, की हे नेमकं काय आहे.

आत गेले की ते उंदराकडे आधी बघायचे नाहीत. घरटं बघायचे. उंच आणि मिटलेलं असलं, की पुढे जायचे. पसरट असलं, की थांबायचे. “थंडी लागतेय हिला, नाहीतर भीती वाटतेय,” म्हणायचे. पिंजरा धुवायला काढला, की जुन्या घरट्यातला मूठभर कागद नव्या पिंजऱ्यात टाकायचा, हा त्यांचा नियम. आधी आम्ही सगळं फेकून चकचकीत करत होतो. ते म्हणाले, “घर बदललं तरी देव्हारा जुनाच न्यावा लागतो. नाहीतर बाई झोपत नाही.” त्या जुन्या कागदाला तिचा स्वतःचा वास असतो, एवढाच त्याचा अर्थ.

वासावर त्यांचं फार बारीक लक्ष. कुंदाचा मोगऱ्याचा गजरा गेटवर काढून ठेवावा लागायचा. सुगंधी साबण बंद, केसांचं तेल बंद. नर उंदरांचे पिंजरे सगळ्यात शेवटी हाताळायचे, कारण परक्या नराचा वास हातावरून गेला तर नुकत्या गाभण राहिलेल्या मादीचा गर्भ टिकत नाही. हे त्यांनी कुंदाला असं सांगितलं : “नवी सून घरात आहे. बाहेरच्या पुरुषाला आधी तिच्यासमोर उभं करू नकोस.”

कुंदा म्हणाली, “आमच्यात सुनंनं लाजायचं असतं, डॉक्टर. पोट न्हाय पडत.”

“ही जास्त लाजाळू आहे, समज.”

स्वतः त्यांनी तंबाखू सोडली. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एकदा कंपनीच्या हळदीकुंकवाला आल्या होत्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, “मी पंचवीस वर्षं पाया पडले तरी सुटली नाही. उंदरांसाठी एका दिवसात सुटली.” डॉक्टर दारात गाडीची चावी घेऊन उभे होते. म्हणाले, “तू वास सहन करत होतीस.”

पिल्लं जगायला लागली, पण थोडी. मग दसरा आला.

आमच्या पट्ट्यात दसऱ्याला प्रत्येक कारखान्यात मशीनची पूजा होते. भरतनं वाफेच्या मशीनला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. ते ठीक होतं, ते मशीन बाहेरच्या बाजूला आहे. पण त्याच्या मनात आलं, की खरं काम तर आत चालतं. आपली खरी लक्ष्मी आत आहे. म्हणून आंघोळ करून, नियमाचे कपडे घालून, सगळं नीट पाळून तो धुपाटणं आणि घंटी घेऊन आतल्या पॅसेजमध्ये गेला. प्रत्येक खोलीच्या दारातून धूप दाखवला, प्रत्येक दारात घंटी वाजवली. मनापासून वाजवली. कोणी थांबवलं नाही. कुंदानं तर त्याच्या हातात कापूर दिला होता.

दुसऱ्या दिवशी त्या नाजूक जातीच्या खोलीत एकही पिल्लू उरलं नव्हतं.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी भरतला आत नेलं आणि एकेक पिंजरा दाखवला. घरट्यांत अर्धवट उरलेलं होतं, ते दाखवलं. बाहेर आल्यावर भरत रडत होता. डॉक्टरांनी त्याला माझ्या ऑफिसात बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “भरत, तुझी बायको बाळंत झाली तेव्हा तिच्या खोलीत घंटा वाजवलीस का रे?”

“नाय.”

“धूप घेऊन गावातली माणसं आत आली?”

“नाय. सोयर होतं ना. कोण येनार?”

डॉक्टर म्हणाले, “बरोबर. सोयर.”

त्या दिवसापासून आमच्याकडे सगळे सोयर पाळायला लागले. पिल्लं झाली की पिंजऱ्यावर लाल चिठ्ठी, त्यावर मराठीत ‘सोयर’. चिठ्ठी असेपर्यंत पिंजरा धुवायचा नाही, उचलायचा नाही, झाकण उघडायचं नाही, उगाच वाकून बघायचंसुद्धा नाही. खाणं आणि पाणी बाहेरून. डॉक्टर म्हणाले, “विटाळ वगैरे मला माहीत नाही. जुन्या बायकांनी त्यात एकच शहाणपण ठेवलं होतं. बाईला एकटं सोडा.” ‘हात लावू नका’ असं आधी इंग्रजीत लिहिलेलं होतंच. ते कोणी पाळत नव्हतं. सोयर मात्र मोडायची कोणाची छाती झाली नाही. कुंदा तर ऑफिसातसुद्धा हळू बोलायला लागली.

एकदा बाहेरून तपासणीला आलेल्या साहेबांनी ती चिठ्ठी बघून मला विचारलं, “ही सोयर कुठली जात?” मी म्हटलं, “सगळ्या जातींना असते.” त्यांनी ते लिहून घेतलं.

नंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटवर शनिवार-रविवारच्या मुंबईकरांसाठी बंगले उठायला लागले. खडक फोडायचा ब्रेकर सुरू झाला. आमच्या भिंतीला हात लावला तर हाताला कळायचं. डॉक्टर मला घेऊन तिकडे गेले. मला का, तर म्हणे बाई बरोबर असली की ऐकतात. सुपरवायझर पोरगेला होता.

“उंदीर बाळंत हायेत म्हून काम बंद ठेवू? डॉक्टर, मालकाला काय सांगू मी?”

“सांग, शेजारी बाळंतिणी आहेत. खोटं नाही.”

“आन् तो बघायला आला तर?”

“येऊ दे. आंघोळ करून यावं लागेल, एवढं सांग.”

तो हसत सुटला. ब्रेकर बंद झाला नाही, पण ज्या दिवशी आमच्याकडे पिल्लं होतील त्या दिवशी डॉक्टरांनी फोन करायचा आणि त्यानं दुसऱ्या टोकाचं काम घ्यायचं, असं ठरलं. आणि त्यानं ते पाळलं. काम संपल्यावर पेढे घेऊन आला होता. म्हणाला, “कितवं बाळंतपण झालं ओ सुईणबाई?” नाव त्याच्यापर्यंतही पोचलं होतं.

या सगळ्यानं पिल्लं जगली. पहिलटकरणीच्या पिंजऱ्यात एक अनुभवी मादी ठेवायला लागलो, त्यानं आणखी जगली. शाखा वाचली. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. ते भरतनं वाफेच्या मशीनजवळ चिकटवलं. कुंदानं सगळ्यांना शिरा केला.

पिल्लं जगायला लागली, तेव्हा शुक्रवार सुरू झाले.

ज्यांनी अशा ठिकाणी काम केलं आहे त्यांना हे सांगायला नको. जन्मलेलं प्रत्येक पिल्लू कामाचं नसतं. ज्यांच्यात तो आजार उतरलेला नाही, जे नर जास्त झाले, ज्या माद्या म्हाताऱ्या झाल्या, त्यांना ठेवता येत नाही. पूर्वी पिल्लंच जगत नव्हती, त्यामुळे हा प्रश्न मोठा नव्हता. आता होता. डॉक्टरांनी आधी जोड्या कमी केल्या. “भरमसाट पिल्लं म्हणजे यश नव्हे. लागतील तेवढीच व्हावीत आणि झाली तेवढी सगळी जगावीत,” असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. जोड्या निम्म्याहून कमी झाल्या. तरीही काही उरायचीच.

पॅसेजच्या टोकाला एक लहान खोली आहे. तिथे गॅसची पेटी. शुक्रवारी दुपारी डॉक्टर स्वतः पिंजरे उचलून तिथे न्यायचे आणि दार लावून घ्यायचे. कुंदाला पिंजरेसुद्धा उचलू द्यायचे नाहीत. ती एकदा म्हणाली, “आनते ना मी, डॉक्टर. तुमचं गुडघं दुखतात.”

“नको. तू खायला घालतेस. तू हे करायचं नाही.”

किरण नवा आला तेव्हा त्यालाही तेच. त्याचं शिक्षण झालेलं होतं, हे काम त्याला येत होतं, नियमानं तो करू शकत होता. पण आल्या आल्या त्यानं आई मेलेली काही पिल्लं दुसऱ्या मादीला लावून वाचवली होती. डॉक्टर म्हणाले, “तू पाजणाऱ्यांत गेलास.” किरणला तेव्हा बरं वाटलं होतं, असं तो परवा म्हणाला.

खोलीतून आले की ते कोपरापर्यंत हात धुवायचे. म्हशी सोडवणाऱ्या माणसाचं धुणं, सावकाश. मग माझ्यासमोर बसून कागदावर सही करायचे. मी चहा द्यायचे, ते प्यायचे. चेहऱ्यावर काही नसायचं. मी एकदाच विचारलं, “तुम्हाला काही वाटत नाही का?”

थोडा वेळ त्यांनी बशीकडे बघितलं. “पहिली दोन वर्षं वाटायचं,” म्हणाले. “आता वाटत नाही. वाटत नाही म्हणूनच मी करतो. ज्याला अजून वाटतं, त्याच्याकडून का करवून घ्यायचं?”

मग त्यांनी कप ठेवला आणि कागदी पट्ट्यांचा साठा किती आहे ते विचारलं.

निवृत्त झाल्यावरही ते शुक्रवारी येत राहिले. सल्लागार म्हणून कागदोपत्री नेमणूक होती. सल्ला ते क्वचितच द्यायचे. कशेळ्याहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायचे, ते काम करायचे, हात धुवायचे, चहा प्यायचे आणि परतीची जीप धरायचे. बाकी दिवस घरामागच्या वाफ्यात भाजी लावायचे. गावातल्या गाई अडल्या की लोक अजून त्यांनाच बोलवायचे. “गुडघा नाय चालत तर खुर्चीत बसा डॉक्टर, आमी गाय पुढं आनतो,” असं म्हणून खरोखरच एकांनी गाय अंगणात आणली होती.

ते गेले ते बुधवारी. भाजीला पाणी घालून ओट्यावर बसले होते. वहिनी चहा घेऊन आल्या तोवर संपलं होतं. मला साडेनऊला फोन आला. मी फोन करायच्या माणसांची नावं लिहिली, कंपनीची गाडी मागवली, हार सांगितला, किरणला तिथल्या तिथे सुट्टी लावून दिली. कशेळ्याला पोचले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गाईम्हशीवाले सगळे. वहिनींच्या शेजारी बसले. त्या म्हणाल्या, “रडू येत नाहीये मला.” मी म्हटलं, “मलाही.” मग आम्ही दोघी पाणी किती लागेल, खुर्च्या कुठून आणायच्या, याचं बोललो. ते बोलता येत होतं.

अजून रडू आलेलं नाही. कामं होतात. त्यांचं प्रवेशपत्र रद्द केलं, त्यांच्या कप्प्यातले रबरी बूट वहिनींकडे पोचवले, शोकसभेला चहा सांगितला. शोकसभेत कंपनीचे साहेब म्हणाले, की त्यांनी शास्त्रीय पद्धतीनं पैदास वाढवली. ते खरं आहे.

आणि मग शाखा बंद करायचं पत्र आलं, आणि आजची बैठक.

मी विषय वाचून दाखवला. किरण म्हणाला, “मला येतं ते. कालच करायचं म्हणून आत गेलो होतो. तिसऱ्या पिंजऱ्यातली मादी लहान असताना मी तिला ड्रॉपरनं पाजलेलं आहे. ती वर चढून आली झाकणाशी. मी परत बाहेर आलो.”

कुंदा म्हणाली, “मला डॉक्टरांनी नको म्हटलं हाय. जित्ते असते तर त्यांना इचारलं असतं. आता कोनाला इचारू?”

भरत म्हणाला, “घंटी वाजवून एकदा मारली तेवढी बास.”

मग मी सांगितलं, की बाहेरचे एक जनावरांचे डॉक्टर यायला तयार आहेत. नियमात बसतं, मी विचारून ठेवलं आहे. पेटीचं सगळं ते करतील. त्यांची एकच अट आहे. आमच्यातलं कोणीतरी पिंजरे उचलून त्या खोलीपर्यंत आणून द्यायला आणि शेवटपर्यंत तिथे उभं राहायला हवं.

तेव्हा भरतनं माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता तो. “मॅडम, राग मानू नका, पन सांगतो. आमी सगळ्यांनी कधी ना कधी त्यांना खायला घातलंय. तुमीच एक ऱ्हायला.”

“मॅडमनी बाळंतविडा दिला नाय का इतकी वर्षं?” कुंदा म्हणाली.

“खिडकीतून दिला गं. हातानं नाय.”

ते खरं आहे. इतक्या वर्षांत मी एकदाही आतल्या दारापलीकडे गेलेले नाही. मला गरज पडली नाही. मी कागद दिले, पट्ट्या दिल्या, चहा दिला. ते उंदीर कसे दिसतात तेही मला फोटोवरूनच माहीत आहे. डॉक्टरांनी मला कधी ‘नको’ म्हटलं नाही, कारण मी कधी ‘मी येऊ का’ असं विचारलंच नव्हतं.

मी ‘बरं’ म्हटलं. बैठक संपली.

बाहेरच्या डॉक्टरांना सोमवार सकाळची वेळ दिली आहे. आत जाण्यासाठीचे माझ्या मापाचे कपडे भरतनं काढून, वाफेतून काढून, पिशवीत बंद करून माझ्या खुर्चीवर ठेवले आहेत. किरण म्हणाला, एकदा आधी आत येऊन बघून घ्या, म्हणजे सोमवारी अडायला होणार नाही. मी त्याला म्हटलं, जेवण झाल्यावर येते. जेवण झालं. कुंदा दुपारचं पाणी भरून बाहेर आली, चप्पल घालून बस धरायला गेली. किरण दोनदा दारात येऊन गेला.

पिशवी मी टेबलावर घेतली आहे. अजून उघडलेली नाही.